पैजेतले टाळ

"आता हरलास राव, तर टाळ वितळवून मोटारीचा भोंगा करीन!" नूरमोहम्मद ड्रायव्हर ज्योतीरामला हसून म्हणाला. ज्योतीरामच्या वडिलांचे टाळ मागच्या पैजेत त्याच्याकडे गेले होते, आणि संध्याकाळच्या कीर्तनात तेच वाजवायचे होते. दोघे पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावरचे नोकर. पैजा त्याच्या देशातल्या, शिरस्त्राणं घालून खेळायच्या फुटबॉलवर. या पैजेसाठी ज्योतीरामने बोटीने आलेले पेपर आठवडाभर चाळले होते, फोटोंतले गडी पहिलवानांसारखे पारखले होते आणि शिरस्त्राणांवर शिंगं रंगवलेला संघ निवडला होता. आज निकालाचा पेपर आला, पण वाचून सांगणारा साहेब कारखान्यात. "मला येतं की इंग्रजी," म्हणत नूरमोहम्मदने पेपर उघडला. विठ्ठल विठ्ठल पुटपुटणाऱ्या ज्योतीरामकडे तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "शिंगंवाले जिंकले. घे टाळ!" टाळ छातीशी धरताना ज्योतीरामने पाहिलं, नूरमोहम्मदच्या हातातल्या पेपरातले गडी खाली डोकं वर पाय होते.