संध्याकाळची गोळी

सिस्टरनं गोळी आजोबांच्या ओठांपाशी नेली, तेवढ्यात आजींनी मधे हात घातला. नवऱ्याच्या तोंडावर तळवा घट्ट धरून त्यांनी विचारलं, "ही कसली?"

"रोजचीच आहे, आजी."

"रोजची, ते कळलं. कसली ते विचारतेय."

सिस्टरच्या ट्रेमध्ये अजून बऱ्याच जणांच्या गोळ्या होत्या. तिनं हॉलभर नजर फिरवली. पत्ते खेळणाऱ्यांचा डाव थांबला होता.

"शांत राहण्याची," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलीय."

"डॉक्टरांनी यांना बघितलं कधी?"

सिस्टरनं ट्रे सावरला.

आजी पाय मोडून हॉस्पिटलात पडल्या होत्या, त्या नुकत्याच वृद्धाश्रमात परतल्या होत्या. आल्यापासून रोज संध्याकाळी वॉकर ढकलत त्या बायकांच्या खोल्यांकडून इकडे पुरुषांच्या बाजूच्या हॉलमध्ये येत, आणि रोज आजोबा खुर्चीत मान टाकून झोपलेले असत. तोंड उघडं, सदऱ्यावर लाळ. आधी आजींना वाटलं, वयच झालं आता. मग शंका आली. म्हणून आज त्या लवकर येऊन बसल्या होत्या.

मॅनेजरला बोलावणं गेलं. तो आला तोच गोड बोलत. "आजी, तुम्ही नव्हता तेव्हा इथे काय काय झालं, तुम्हाला कल्पना नाही. अंधार पडायला लागला की आजोबा आरडाओरडा करतात. सगळ्यांसमोर कपडे सोडायला लागतात. बायकामाणसं बसलेली असतात हो इथे. गोळीनं त्यांनाही बरं वाटतं आणि बाकीच्यांनाही."

"बरं वाटतं, असं ते म्हणाले?"

"त्यांना म्हणता आलं असतं तर प्रश्नच नव्हता."

त्यानं सरळ मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, कशाला वाद घालतेस?" मुलाचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला. "ती माणसं रोज बघतात बाबांना. उद्या म्हणाले, घेऊन जा दोघांना, तर कुठे ठेवू मी तुम्हाला?"

"गोळी सुरू करताना तुला विचारलं होतं का रे त्यांनी?"

"आई, ते..." मुलगा अडखळला.

"नाही ना? मग मला विचारा," आजी मॅनेजरकडे वळून म्हणाल्या. "मी त्यांची बायको आहे. मी नको म्हणतेय."

मॅनेजरचा सूर बदलला. "ठीक आहे. आजच्या दिवस नको. पण आज त्यांना तुम्हीच सांभाळायचं. जरा जरी तमाशा झाला, तर उद्यापासून तुम्हाला या बाजूला यायला बंदी."

तो गेल्यावर सिस्टर वाकून आजींच्या कानाशी म्हणाली, "संध्याकाळी मी एकटीच असते हो. एवढी सगळी माणसं. किती जणांकडे बघू?"

"तुला कोण बोलतंय, बाळा," आजी म्हणाल्या. पण गोळी काही त्यांनी आजोबांना देऊ दिली नाही.

दिवे लागले. आजोबा जागे होते. खिडकीकडे बघत होते, मधेच आजींकडे. आजींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. आपलं काही चुकलं तर नाही ना, हे त्या मनातल्या मनात चाचपत होत्या.

मग आजोबांचा गुडघा हलू लागला. त्यांनी हात सोडवून घेतला. उठायला गेले, खुर्चीत परत आदळले. "चला," ते ओरडले. "चला, चला, चला!"

"अहो, कुठे? काय हवंय?"

आजोबांनी त्यांच्या मनगटावर फटका मारला. समोरचं टेबल लाथेनं कलंडलं, पत्ते फरशीवर पसरले. एक टकले गृहस्थ तावातावानं उठले. "द्या हो त्यांना ती गोळी एकदाची! आम्ही काय पाप केलंय?"

दारात मॅनेजर येऊन उभा राहिला. नुसती मान हलवून त्यानं सिस्टरला खूण केली. सिस्टर गोळी आणि पाणी घेऊन पुढे आली.

आजींचं मनगट हुळहुळत होतं. आजोबांची बोटं आता पायजम्याच्या नाडीशी झटत होती, गाठ सुटत नव्हती, आणि ते रडकुंडीला आले होते.

"बघितलंत?" मॅनेजर म्हणाला. "हेच रोज. हेच."

आजींनी बघितलं. नाडी बघितली, आवळून धरलेले गुडघे बघितले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अहो, यांना लघवीला जायचंय!"

टकले गृहस्थ खाली बसले.

"रोज हेच सांगतायत ते. सिस्टर, ठेव तो ग्लास. धर यांना. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

सिस्टरनं मॅनेजरकडे पाहिलं. मग ग्लास खिडकीत ठेवला आणि आजोबांच्या काखेत हात घातला. ते उठले. पाय घासत, पण घाईघाईनं निघाले. मागून आजी वॉकर आपटत आल्या.

बाथरूमच्या दाराशी आजोबांनी सिस्टरचा हात झटकला. भिंतीला धरून आत गेले. दार लोटलं गेलं. आतून कडी लागली.

मॅनेजर तरातरा आला. "कडी कशी लावू दिलीत? पडले-बिडले तर जबाबदार कोण? उघडायला सांगा आधी!" थाप मारायला त्यानं हात उचलला.

आजी वॉकर सोडून दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आत माणूस आहे."