हात लावू नकोस

खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवायचे ते रंगीबेरंगी झोआ प्रवाळ आमोदच्या हातात देताना दुकानदाराने बजावलं होतं, "दिसायला फुलं, पण विषारी आहेत. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. ती ज्या दगडाला चिकटून वाढतात त्यावर कढत पाणी तर कधीच टाकू नका, वाफ छातीत गेली तर माणूस जातो."

हे घरी जसंच्या तसं सांगितलं असतं, तर आईने नारायण पेठेतल्या घराचा उंबरा टाकीला ओलांडू दिला नसता. म्हणून आमोदने तिला एवढंच सांगितलं, "हात लावू नकोस हं आई, फार नाजूक असतात." तेव्हापासून आई पूजा आटोपली की ती फुलं लांबूनच बघायची.

पुढे एका दगडावरची फुलं मिटली ती उघडलीच नाहीत, वर शेवाळंही धरलं. आमोदने तो दगड बादलीत काढून ठेवला आणि तो हिंजवडीला ऑफिसात गेला. लेकाचं तेवढंच एक काम हलकं होईल, म्हणून आईने दगड सांडशीने उचलला आणि त्याच्या लहानपणी दुधाच्या बाटल्या उकळायची तसा पातेल्यात खळखळून उकळला.

संध्याकाळी अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही विषारी होतं का?"

आमोद काही बोलायच्या आत आईने धापा टाकत तोंडावरचा मास्क बाजूला केला.



"काहीतरीच काय डॉक्टर. तसं असतं तर आमोदने मला सांगितलं नसतं का?"