चिंचोक्यांचं गाव

नत्थुजींनी लेकीसाठी, विमलसाठी, अंगणात काळ्या मातीचा खेळ केला होता. आपल्याच शिवारासारख्या दोन टेकड्या, मधून नदी, काठाला चिंचोक्यांची घरं. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी गावात पोचवायची.

आठ दिवसांपासून शिवारात दुर्बीण लावून मोजणी करणारे साहेब पाणी प्यायला आले अन् खेळाशी उकिडवे बसले.

"हुबेहूब आहे हो!"

त्यांनी टेकड्यांच्या मधे मातीची भिंत घातली आणि उरलेला तांब्या नदीत ओतला.

"सायेब, असा डाव नसते आमच्या इकडं," नत्थुजी हसले.

पाणी चढू लागलं. विमल घाईघाईनं चिंचोके उचलायला वाकली.

साहेबांनी खिशातून वही काढली. "थांब पोरी. किती घरं जातात, ते बघू दे."