झुकलेली नजर
यशोदाबाईंच्या पंचाहत्तरीला नवऱ्याने गिरगावच्या घरी पाहुण्यांसमोर त्यांच्या तैलचित्रावरचा पडदा सारला. चित्रातली बाई नऊवारी नेसून, हातात निरांजन धरून, मान खाली घालून बसली होती. “निरांजन म्हणजे त्याग, झुकलेली नजर म्हणजे समर्पण,” चित्रकाराने समजावलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हयातभर भोईवाडा कोर्टात वकिली केलेल्या यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “माझा काळा कोट कुठाय?” “दिवाणखान्यात तो शोभला नसता. मीच नको म्हटलं.” त्यांच्या कमाईवर मिजास करणारा हा माणूस त्यांच्या अशिलांना कायम चोर म्हणत आला होता. आज यशोदाबाईंना रागही आला नाही, नुसती शिसारी आली. त्यांनी पर्स उचलली, चपला घातल्या. “मी दादरला बहिणीकडे राहायला चाललेय.” “अगं, आणि माझं जेवणखाण?” नवरा गडबडला. त्यांनी चित्राकडे बोट दाखवलं. “हिला सांगा. ही नाही म्हणायची नाही.”