अठराशेची रेस

"काऊन बाई, बिरसी विमानतळाचं विमान इकडंच उतरलं का?" समोरच्या पानठेल्यावरून हिमांशू ओरडला.

दुर्गेश्वरीनं मान वर केली नाही. आवाज तिनं ओळखला होता. केशोराव गुरुजींची पांढरी गाडी गॅरेजच्या दारात उभ्या जागी कोकलत होती. चार दिवसांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं त्या गाडीला नवी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पार्ट, बसवली होती. आता इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अठराशेवर होता. उभ्या गाडीची रेस आठशेच्या आसपास असावी लागते.

गॅरेज उघडून तिला सहा आठवडे झाले होते. बाईचं गॅरेज किती टिकेल, याबद्दल कुडवा गावात दोन मतं होती. एक दिवाळीपर्यंत, दुसरं त्याच्या आधी. गुरुजी निवृत्त हेडमास्तर. अर्ध्या कुडव्याला त्यांनी पाढे शिकवले होते, उरलेल्या अर्ध्याला अंगठे धरून उभं केलं होतं. गाडी पहिल्यांदा सोडतानाच ते म्हणाले होते, "जमलं तर सगळ्यायले सांगीन. नाई जमलं तरी सांगीन."

गुरुजींनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला, मग स्वतः उतरले.

"दुर्गा, सोमवारपासून एक्सिलेटरले पाय नाई लावला मी! नागऱ्याच्या देवळात जाऊन आलो. अशीच पळून राहिली!"

"माहीत आहे गुरुजी. काही बोलू नका. मीच बसवली, मीच पाहीन."

"अवं, पन मी का म्हणतो..."

"बसा तुम्ही. कायनं झालं ते सापडल्याशिवाय गाडी सोडत नाही."

गुरुजींचे डोळे चमकले. "हे बेस बोलली! नेमकं सापडलंच पाह्यजे. अन् सापडलं का कागदावर लिहून ठेव."

कागदावर! म्हणजे लेखी कबुली. उद्या ती पानठेल्यावर चिकटवतील, सही-शिक्क्यासकट. दुर्गेश्वरीनं बोनट उघडलं.

पहिला संशय एक्सिलेटरच्या तारेवर. तार ताणून बसली असेल, तर पाय न लावताही रेस वाढते. तिनं तार ढिली केली. काटा अठराशेवर.

"सापडलं?" गुरुजी स्टूल सरकवत पुढं आले.

"नाही अजून."

मग तिनं बॅटरीची तार काढली. नवा पार्ट बसला की गाडीच्या कॉम्प्युटरला कधी कधी जुनं विसरायला लावावं लागतं. दहा मिनिटं थांबून तार जोडली, चावी फिरवली. कॉम्प्युटर सगळं विसरला, अठराशे तेवढे लक्षात ठेवले.

"गुरुजी, गाडी दुरुस्त होऊन राहिली का अभ्यास चालू आहे?" हिमांशू आता ठेला सोडून आला होता. त्याच्या मागून तोंडं भरलेली दोन गिऱ्हाइकंही.

"तू गप ऱ्हाय. सातवीत दोनदा बसला तू. तुले का समजते अभ्यास?"

दुर्गेश्वरीच्या कपाळावर घाम होता, पण आत काहीतरी नाचायला लागलं होतं. तार नाही, कॉम्प्युटर नाही, म्हणजे हवा! कुठून तरी चोरून हवा आत शिरत होती. तिनं क्लीनरचा डबा उचलला आणि नव्या पार्टच्या जोडावर कडेकडेनं फवारा मारत गेली. डावीकडं काही नाही. वर काही नाही. खाली उजव्या कोपऱ्यात फवारा पडला, आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर एकदम बदलला.

"आली!" ती किंचाळलीच.

"आली?" गुरुजी स्टुलावरून उठले. "कोठून आली?"

"हवा! इथून! थांबा!"

चार बोल्ट सोडले. आतली रबरी पॅकिंग एका कोपऱ्यात दुमडून बसली होती, नखाएवढी. बसवताना तिच्याच हातून झालेलं. तिनं ते लपवलं नाही; गुरुजींच्या समोर कागदावर लिहिलं: खालचा उजवा कोपरा, पॅकिंग दुमडली. गुरुजींनी कागद दोनदा वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि खिशावर थाप मारली. आता तो पानठेल्यावर जाणार, हे दुर्गेश्वरीनं ओळखलं.

पण हात थांबले नाहीत. नवी पॅकिंग, चार बोल्ट, चावी. काटा हजारावर चढला, थरथरला, मग हळूहळू खाली आला आणि आठशेवर गुमान बसला. इंजिन चालू आहे की नाही, हे कान लावून पाहावं लागत होतं. तोंडं भरलेल्या गिऱ्हाइकांनी थुंकून घेतलं आणि वाहवा केली. हिमांशूनं टाळ्या वाजवल्या. "मान गये, बाई!"

"बसा गुरुजी, चालवून पाहा!"

गुरुजी बसले. पहिला गिअर टाकला, क्लच झटकन सोडला. गाडीनं एक धक्का खाल्ला आणि बंद पडली.

"रेस द्या ना, गुरुजी."

"मी देऊ?" गुरुजींनी उजव्या पायावर हात ठेवला. पुन्हा चावी, पुन्हा क्लच, पुन्हा धक्का. मग त्यांनी मोबाईल काढून व्याह्यांना लावला.

"हालो, इवाई? तुमचीबी गाडी आपोआप पळनारी करून घ्यायले निघाले असान तं अर्ध्यातून वापस जा. बाईनं माझीच बिघडवून टाकली."