मागच्या सीटवरचा वास

म्हातारं कुत्रं डोंगरापलीकडे सोडून आल्यावर "पळून गेलं गं," असं लेकीला सांगताना त्याची पापणीही लवली नाही.

ब्याद टळली, पण गाडीतला ओल्या कुत्र्याचा वास काही केल्या जाईना. सीटकव्हरं धुतली, सोडा पसरला.

"साहेब, हा वास जुना नाही," गाडी धुणारा म्हणाला. "रोज नवा येतोय."

खरंच होतं. आधी त्यात डोंगरातल्या चिखलाचा वास मिसळलेला होता, मग हायवेवरच्या डिझेलचा, काल कोपऱ्यावरच्या बेकरीचा.

आज सकाळी त्याने मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती, आणि कुत्र्याच्या वासात लेकीच्या शाम्पूचा वास होता.

"शाळेला उशीर होतोय, पाठव तिला!" तो ओरडला.

बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, मघाशीच तर गाडीत मागे जाऊन बसली ती!"