पोर्ट्रेटचा तास

उल्हासनगरच्या कॉलेजात पोर्ट्रेटच्या तासाला सरांनी मॉडेल आणून बसवलं: कुळगावच्या कीर्तनात त्यांनी हेरलेले टाळकरी हरिचंद्र. कल्पेशने चटकन ड्रॉइंग बोर्डाआड तोंड लपवलं. ज्याला तो वर्गात इंजिनियर म्हणून सांगायचा, तो त्याचा बाप हाच!

"अरे, बुक्का लावून आलाय हा. आता भजन सुरू करेल बघ," शेजारचा महेश खिदळला.

"एकदम गावठी आयटम आहे यार," म्हणत कल्पेश त्याच्याहून मोठ्याने हसला. मग साम्य दिसू नये म्हणून बापाचं ते आपल्यासारखंच धारदार नाक त्याने मुद्दाम चपटं काढलं.

"समोर एवढा बोलका चेहरा, आणि तू हा कोण काढलायस?" सर कडाडले.

हरिचंद्रांनी चित्राकडे पाहिलं, मग पोराकडे.

"रागावू नका सर. अनोळखी माणसाचा चेहरा पोराला जमायचा कसा?"